सबुरीचे शस्त्र

क्षेपणास्त्राची चाचणी झाली की आपल्या बातम्यांत दोन गोष्टी हमखास असतात. एक पल्ला आणि दुसरी नकाशा. नकाशावर एक लाल वर्तुळ काढलेले असते आणि त्या वर्तुळात शेजारच्या देशांची कोणकोणती शहरे येतात हे निवेदक चढ्या आवाजात सांगत असतो. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी 'आयएनएस अरिघात' या पाणबुडीतून के-४ क्षेपणास्त्राची चाचणी झाली, तेव्हाही हेच झाले. साडेतीन हजार किलोमीटर! बीजिंग टप्प्यात आले की नाही यावर चर्चा झाली, फोनवर तिरंग्याची चित्रे फिरली आणि दोन दिवसांत विषय मागे पडला.

पाणबुडीतल्या क्षेपणास्त्राबद्दल नागरिकांनी विचारावेत असे प्रश्न त्या नकाशात नसतात. हे शस्त्र कशासाठी आहे? ते समुद्राखाली असताना त्याची चावी कोणाकडे असते? आणि आपल्या ज्या धोरणासाठी ते बांधले, ते धोरण आपण टिकवणार आहोत का? हे प्रश्न विचारणे म्हणजे शंका घेणे नव्हे. ज्यांच्या नावाने आणि ज्यांच्या पैशाने हे शस्त्र बांधले गेले, त्यांनी ते विचारलेच पाहिजेत.

आधी पहिला प्रश्न घेऊ. जमिनीवरचे क्षेपणास्त्र कुठे ठेवले आहे हे उपग्रहाला आज ना उद्या दिसते. विमानतळ तर दिसतोच. म्हणून ज्या देशाकडे फक्त जमिनीवरची आणि विमानातली अण्वस्त्रे आहेत, त्याच्या नेत्यापुढे संकटाच्या रात्री एक भयंकर प्रश्न उभा राहतो: आत्ता डागली नाहीत, तर उद्या शिल्लक राहतील का? उत्तर द्यायला हातात काही मिनिटे असतात. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकन क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखवले. ड्युटीवर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने तो इशारा खोटा मानला आणि तो खोटाच निघाला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पेत्रोव्ह थांबला म्हणून बरे झाले. पण जगाची सुरक्षा एका माणसाच्या थांबण्यावर सोडणे ही काही व्यवस्था नव्हे.

पाणबुडी इथे वेळ मिळवून देते. ती समुद्रात कुठे आहे हे शत्रूला माहीत नसते, त्यामुळे पहिल्या हल्ल्यात ती नष्ट करता येत नाही. मग नेत्याला घाई करायचे कारण उरत नाही. आलेला इशारा खरा आहे का, हल्ला कोणी केला, हे सगळे तपासून, विचार करून उत्तर देता येते. मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, सबुरी. अरबीतल्या 'सब्र'चे हे मराठी रूप शिर्डीच्या 'श्रद्धा आणि सबुरी'मुळे घराघरांत पोचले, रिक्षांच्या मागे आणि दुकानांच्या पाट्यांवर रंगवले गेले. पाणबुडीतले क्षेपणास्त्र हे असे सबुरीचे शस्त्र आहे. 'आज डागले नाही तरी चालेल' असे ज्याच्या जोरावर म्हणता येते, ते शस्त्र. हा गुण काढून टाकला, तर ती फक्त पैशाची आणि माणसांच्या जिवाची प्रचंड जोखीम उरते.

ही कल्पना जन्मली ती मात्र सबुरीतून नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी व्ही-२ रॉकेट एका पाणबंद डब्यात घालून पाणबुडीमागे ओढत न्यायचे आणि शत्रूच्या किनाऱ्याजवळून डागायचे, अशी योजना आखली होती. ती प्रत्यक्षात येण्याआधी युद्ध संपले. पुढे १६ सप्टेंबर १९५५ रोजी सोव्हिएत संघाने श्वेत समुद्रात बी-६७ या पाणबुडीवरून आर-११एफएम हे क्षेपणास्त्र डागले. पाणबुडीवरून गेलेले हे जगातले पहिले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र. पण त्याचा पल्ला होता जेमतेम दीडशे किलोमीटर, आणि डागण्यासाठी पाणबुडीला पाण्यावर यावे लागे. लपण्यासाठी बांधलेली बोट ऐन मोक्याच्या क्षणी उघड्यावर! शिवाय इंधन द्रवरूप, म्हणजे जाळणारे आणि विषारी रसायन, आणि त्याच्या शेजारी एका बंद लोखंडी नळीत झोपणारी, जेवणारी माणसे.

अमेरिकन नौदलाच्या वाट्यालाही आधी ज्युपिटर हे द्रव इंधनाचे अवजड क्षेपणास्त्र आले होते. १९५६ च्या उन्हाळ्यात 'नॉब्स्का' नावाच्या अभ्यासगटात एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञाने सांगितले की काही वर्षांत वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाला बसणारा अणुबॉम्ब, पुष्कळ हलका करता येईल. या एका भाकितावर सगळे गणित बदलले. वॉरहेड हलके तर क्षेपणास्त्र लहान. क्षेपणास्त्र लहान तर घन इंधन पुरेसे. घन इंधन असले तर पाणबुडीत ते वर्षभर ठेवले तरी सांडण्या-गळण्याची भीती नाही. नौदलाने ज्युपिटर सोडले आणि पोलारिस हाती घेतले. ॲडमिरल विल्यम रॅबोर्न यांच्या कार्यालयाने हे काम चार वर्षांच्या आत पुरे केले. नवी पाणबुडी बांधत बसायला वेळ नव्हता, म्हणून बांधकाम सुरू असलेली एक पाणबुडी मधोमध कापली, त्यात सुमारे चाळीस मीटर लांबीचा, सोळा क्षेपणास्त्रे मावतील असा नवा भाग जोडला आणि तिचे नाव ठेवले जॉर्ज वॉशिंग्टन. २० जुलै १९६० रोजी तिने फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालून पोलारिस डागले. युक्ती अशी की क्षेपणास्त्र नळीत पेटवायचे नाही. दाबाखालच्या हवेने ते आधी पाण्याबाहेर ढकलायचे आणि बाहेर आल्यावर त्याचे इंजिन पेटवायचे. आपल्याकडचे इंजिनिअरिंगचे आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी 'पर्ट' नावाची आकृती काढायला शिकतात, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, कुठे उशीर झाला तर सगळे अडेल हे दाखवणारी. ती पद्धत १९५८ मध्ये पोलारिसच्या कामासाठीच तयार झाली होती.

यानंतरची वीस वर्षे मुख्यतः पल्ल्याची आहेत, आणि टीव्हीवरच्या नकाशाची चूक इथेच कळते. पहिल्या पोलारिसचा पल्ला सुमारे २,२०० किलोमीटर होता, १९६४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा सुमारे ४,६०० किलोमीटर. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाचे आर-२९ सेवेत आले, त्याचा पल्ला साडेसात हजार किलोमीटरच्या पुढे गेला. याचा खरा अर्थ काय? तर सोव्हिएत पाणबुड्यांना अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जाण्याची गरज उरली नाही. घरच्या समुद्रात, आपल्याच नौदलाच्या संरक्षणाखाली त्या थांबू शकत होत्या. पाणबुडीच्या क्षेपणास्त्राचा पल्ला वाढतो तेव्हा तिला लपायला जास्त समुद्र मिळतो. म्हणून वर्तुळ शत्रूच्या जमिनीवर काढायचे नसते, आपल्या समुद्रात काढायचे असते.

पण माणसाची हाव इथे थांबली नाही. १९७१ पासून अमेरिकेच्या पोसायडन क्षेपणास्त्रावर एकाऐवजी दहा-दहा वॉरहेड बसू लागली. मग अचूकता वाढवण्याची शर्यत लागली आणि १९९० मध्ये ट्रायडंट-२ आले. हजारो किलोमीटर दूरच्या जमिनीखालच्या, काँक्रीटने मजबूत केलेल्या क्षेपणास्त्र-कोठारावर नेम धरता येईल इतके ते अचूक होते. आता जरा विचार करा. केवळ प्रत्युत्तरासाठी शस्त्र असेल तर शत्रूची कोठारे अचूक फोडण्याची गरज काय? प्रत्युत्तराच्या वेळी ती कोठारे बहुधा रिकामीच झालेली असणार. कोठारे फोडणारे शस्त्र पहिल्या हल्ल्यालाच उपयोगी. त्यामुळे समोरच्याला वाटू लागते की समुद्रातून दहा-पंधरा मिनिटांत आपली सगळी क्षेपणास्त्रे जातील, म्हणून आपण घाई केली पाहिजे. ज्या शस्त्राने आपल्याला सबुरी दिली, त्यानेच समोरच्याची सबुरी काढून घेतली. या सगळ्या विकासातला माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोठा धडा आहे. शस्त्र तेच असते. ते थांबण्यासाठी आहे की झडप घालण्यासाठी, हे धोरण ठरवते.

आता आपल्याकडे येऊ. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला 'अरिहंत' पाण्यात उतरली. तिच्या अणुभट्टीमागे मुंबईच्या ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्राचे काम आहे, गिअरबॉक्स पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यातून गेले, आणि रशियाची मदतही होती. ऑगस्ट २०१३ मध्ये अणुभट्टी चालू झाली, २०१६ मध्ये पाणबुडी गाजावाजा न करता नौदलात दाखल झाली, आणि ५ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांनी तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याचे जाहीर केले. क्षेपणास्त्राचे काम आधीपासून चालू होते. २६ फेब्रुवारी २००८ रोजी विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या एका तरंगत्या मंचावरून के-१५ डागले गेले. त्याचा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर. इतक्या पल्ल्याने बंगालच्या उपसागरात बसून चीनच्या दूरच्या शहरांना धाक देता येत नाही, आणि पाकिस्तानसाठी पाणबुडीला अरबी समुद्रात त्यांच्या किनाऱ्याच्या बरेच जवळ जावे लागते, म्हणजे सापडण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणून के-४. जमिनीवरच्या अग्नी-३ ची लांबी सुमारे १७ मीटर, तेवढे उंच क्षेपणास्त्र अरिहंतच्या पोटात उभे राहू शकत नाही. ते सुमारे १२ मीटरमध्ये बसवून साडेतीन हजार किलोमीटरचा पल्ला राखणे हे अवघड काम होते आणि आपल्या शास्त्रज्ञांनी ते केले. त्यांना मनापासून दाद दिली पाहिजे. अरिहंतमध्ये चार नळ्या आहेत. एका नळीत तीन के-१५ किंवा एक के-४ मावते.

या नावांतला 'के' हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावातला आहे, असे सगळीकडे लिहिले जाते. चाचणी झाली की माझ्या फोनवर कलामसाहेबांचे छायाचित्र येतेच, बहुतेक वेळा 'मुसलमान असावा तर असा' या अर्थाच्या ओळीसह. कलामांबद्दल मला आदर आहे आणि तो कोणी सांगितला म्हणून नाही. पण त्यांचे छायाचित्र लावले म्हणजे प्रश्न मिटत नाहीत. शास्त्रज्ञाने शस्त्र बनवले, इथे त्याचे काम संपते. ते कोणत्या नियमाने वापरायचे हे प्रजासत्ताकाने ठरवायचे असते, आणि प्रजासत्ताकात मीही आहे, तुम्हीही आहात.

म्हणून दुसरा प्रश्न, चावीचा. भारताने बरीच वर्षे एक शहाणपणाची रीत पाळली, असे अभ्यासक सांगत आले आहेत. वॉरहेड एकीकडे, क्षेपणास्त्र दुसरीकडे. बॉम्बचा गाभा अणुशास्त्रज्ञांच्या ताब्यात, क्षेपणास्त्र सैन्याच्या. दोन्ही एकत्र आणायला वेळ लागे आणि त्या वेळातच सुरक्षितता होती. एखादा अधिकारी बिथरला, एखादा आदेश चुकीचा समजला, तरी बॉम्ब उडणे शक्य नव्हते, कारण तो जोडलेलाच नसे. पाणबुडीत ही रीत पाळता येत नाही. महिना-दोन महिने समुद्राखाली राहणाऱ्या बोटीला वॉरहेड नेऊन द्यायला मागून कोणी येणार नाही. क्षेपणास्त्र, वॉरहेड आणि ते डागू शकणारी माणसे, सगळे एकाच नळीत असते.

त्यात पुन्हा संपर्काची अडचण. नेहमीच्या रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात शिरत नाहीत. फार कमी वारंवारितेच्या लहरी थोड्या मीटरपर्यंत पोचतात. त्यासाठी तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ 'आयएनएस कट्टबोम्मन' हे प्रचंड उंच मनोऱ्यांचे केंद्र आहे, आणि दुसऱ्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणात दामगुंडमच्या जंगलात झाली. या लहरींवरून संदेश अगदी सावकाश जातो आणि तोही एकाच दिशेने. पाणबुडी ऐकू शकते, पण उलट विचारायचे तर तिला आपली जागा उघड होण्याचा धोका पत्करावा लागतो. 'साहेब, नक्की ना?' असे विचारायची सोय नाही.

इतरांनी ही गाठ कशी सोडवली? अमेरिकेने १९६० च्या दशकापासून आपल्या बॉम्बना सांकेतिक कुलपे बसवायला सुरुवात केली, पण नौदलाने पाणबुड्यांसाठी ती कित्येक दशके टाळली. युद्धात संपर्क तुटला तर कुलपाचा आकडा कसा मिळणार, हे त्यांचे म्हणणे होते. १९९० च्या दशकापर्यंत अमेरिकन पाणबुडीतले अधिकारी एकमताने ठरवते, तर बाहेरून आकडा न मिळताही क्षेपणास्त्र डागू शकले असते. ब्रिटनची पद्धत आणखी वेगळी. तिथे प्रत्येक नवा पंतप्रधान पदावर येताच स्वतःच्या हाताने चार सारखी पत्रे लिहितो, चार पाणबुड्यांसाठी. देश नष्ट झाला, सरकार उरले नाही, तर कप्तानाने काय करायचे हे त्यात असते. पत्र पाणबुडीच्या तिजोरीत राहते, पंतप्रधान बदलला की न उघडता नष्ट करतात. पत्रात काय लिहिले ते गुप्त. पण अशी पत्रे असतात, हे प्रत्येक ब्रिटिश नागरिकाला माहीत आहे. १८ जुलै २०१६ रोजी नव्या ट्रायडंट पाणबुड्या बांधायच्या का यावर त्यांच्या संसदेत खुली चर्चा झाली आणि ४७२ विरुद्ध ११७ मतांनी निर्णय झाला. त्या चर्चेने ब्रिटनचे कोणतेही गुपित फुटले नाही.

आपल्याकडे काय जाहीर आहे? ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने एक छोटे निवेदन काढले. भारत अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही, हल्ला झालाच तर मोठे प्रत्युत्तर देईल, आणि त्याचा आदेश पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषदच देऊ शकेल, असे त्यात आहे. हे चांगलेच आहे. पण ते लिहिले तेव्हा अरिहंत समुद्रात नव्हती. पाणबुडीत जोडलेली वॉरहेड असताना 'फक्त राजकीय परिषद' हा शब्द पाण्याखाली कसा पाळला जातो, कुलूप आहे की फक्त विश्वास आहे, याबद्दल नागरिकाला सांगितलेले काही नाही. आकडा कोणी मागत नाही. कुलूप आहे एवढे तरी सांगा.

यावर एक उत्तर मला हमखास मिळते: 'आपले नौदल शिस्तीचे आहे, तिथे चूक होत नाही.' शिस्तीचे आहे यात वाद नाही. पण समुद्र शिस्त मानत नाही आणि यंत्रही मानत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्म्युडाजवळ के-२१९ या सोव्हिएत पाणबुडीच्या एका क्षेपणास्त्र-नळीत समुद्राचे पाणी शिरले, द्रव इंधनाशी त्याचा संयोग झाला आणि स्फोट झाला. अणुभट्टी आपोआप बंद होईना. तेव्हा सर्गेई प्रेमिनिन हा वीस वर्षांचा खलाशी त्या तापलेल्या भागात शिरला आणि त्याने हाताने फिरवून नियंत्रक दांडे खाली बसवले. परत येताना हवेच्या दाबामुळे दार उघडले नाही आणि तो तिथेच गेला. अणुभट्टी शांत झाली, पण पाणबुडी अण्वस्त्रांसकट तळाला गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटनची 'व्हॅनगार्ड' आणि फ्रान्सची 'ले ट्रिओम्फां' या दोन अण्वस्त्रवाहू पाणबुड्या एवढ्या मोठ्या अटलांटिक महासागरात एकमेकींवर आदळल्या. दोघी इतक्या छान लपलेल्या होत्या की मित्रदेशाच्या असूनही एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

आणि आपल्या घरी? १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' या पाणबुडीत स्फोट झाले आणि अठरा नौसैनिक गेले. सहा महिन्यांनी 'सिंधुरत्न'वर धूर भरून दोन अधिकारी गेले, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. या डिझेल पाणबुड्या होत्या, त्यांत अण्वस्त्रे नव्हती. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. दोन दिवसांनी सरकारने चूक मान्य केली, पुढे वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. त्यावर वॉरहेड नव्हते आणि पलीकडच्यांनी त्या दिवशी सबुरी दाखवली, म्हणून तो विषय आज आपण अपघात म्हणून बोलतो आहोत.

मग 'पाकिस्तानचे काय?' हा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. पाकिस्तानने २०१२ मध्ये नौदलाची स्वतंत्र अण्वस्त्र कमान उभारली. जानेवारी २०१७ मध्ये बाबर-३ हे क्षेपणास्त्र पाण्याखालून डागल्याचे जाहीर केले, पल्ला ४५० किलोमीटर. ते बॅलिस्टिक नाही, क्रूझ आहे, आणि पाकिस्तानकडे अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी नाही. म्हणजे ते त्यांच्या नेहमीच्या डिझेल पाणबुड्यांतून जाणार. धोका इथेच आहे. पाण्याखालच्या डिझेल पाणबुडीत साधे टॉर्पेडो आहेत की अण्वस्त्र, हे तिचा पाठलाग करणाऱ्या युद्धनौकेला कसे कळणार?

असा प्रसंग एकदा घडून गेला आहे. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्युबाच्या पेचप्रसंगात, अमेरिकन युद्धनौकांनी बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी तिच्याभोवती इशाऱ्याचे स्फोट केले. त्या बोटीत अणु-टॉर्पेडो आहे हे त्यांना माहीत नव्हते. आत बॅटऱ्या संपत आलेल्या, उकाड्याने माणसे कोसळत होती, मॉस्कोशी संपर्क नव्हता. कप्तानाला वाटले वर युद्ध सुरू झाले. बोटीवर असलेल्या वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केले आणि पाणबुडी वर आली. ही जागा अटलांटिक महासागरात होती. उद्या ती कराचीच्या दक्षिणेला असू शकते. मार्च २०१९ मध्ये, पुलवामा-बालाकोटनंतर, आपल्या नौदलाने विमानवाहू नौकेबरोबर अणुपाणबुड्याही तैनात केल्याचे स्वतःच जाहीर केले होते. पुढच्या पेचात बोटीवर आर्खिपोव्ह असेलच असे नाही, ना त्यांच्या, ना आपल्या.

अमेरिका आणि सोव्हिएत संघाने यातून धडा घेऊन १९७२ मध्ये समुद्रातील चकमकी टाळण्याचा करार केला. शीतयुद्ध ऐन भरात होते तरी केला. भारत-पाकिस्ताननेही २१ फेब्रुवारी १९९९ च्या लाहोर सामंजस्य करारात असाच स्वतंत्र करार करण्याचे लिहून दिले होते. काही महिन्यांत कारगिल झाले आणि ते कलम कागदावरच राहिले. २००५ मध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार झाला, तो समुद्रातून डागलेल्या क्षेपणास्त्रांनाही लागू आहे. पण क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत, म्हणजे बाबर-३ ही नाही आणि ब्रह्मोसही नाही. शत्रूशी करार कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर सरळ आहे. असे करार शत्रूशीच करायचे असतात. मित्राशी करण्याची गरज काय?

शेवटचा प्रश्न धोरणाचा. १६ ऑगस्ट २०१९ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की प्रथम वापर न करण्याचे धोरण आजवर पाळले आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. त्यानंतर हे धोरण म्हणजे दुबळेपणा आहे, ते फेकून द्या, असे म्हणणाऱ्यांना जोर चढला. गंमत अशी की हीच मंडळी अरिहंत आणि के-४ च्या बातम्या सर्वांत जास्त वाटतात. आधी हल्ला करायचा असेल तर समुद्राखाली लपणारी एवढी महाग बोट हवीच कशाला? तिचे प्रयोजनच मुळी 'आम्ही आधी मारणार नाही, पण मारल्याशिवाय सोडणारही नाही' हे आहे. प्रथम वापर नाही हे धोरण आणि पाणबुडीतले क्षेपणास्त्र ही एका बैलगाडीची दोन चाके आहेत. एक काढून गाडी जास्त वेगाने धावेल असे ज्यांना वाटते, त्यांनी गाडी हाकलेली नाही.

म्हणून माझ्या अपेक्षा तीन आहेत. पाणबुडीतून डागायची क्षेपणास्त्रे सेवेत आल्यानंतर प्रथम वापर न करण्याचे धोरण सरकारने संसदेत, निःसंदिग्ध शब्दांत, पुन्हा जाहीर करावे. पाणबुडीतल्या अण्वस्त्रांवर राजकीय नेतृत्वाचे नियंत्रण तांत्रिक कुलपाने राखले आहे की नाही, एवढे सांगावे, आणि या व्यवस्थेचा आढावा घेणारी संसदेची एक समिती असावी, तिचे कामकाज हवे तर बंद दाराआड चालो. आणि लाहोरमध्ये लिहून दिलेला समुद्रातील चकमकी टाळण्याचा करार पुन्हा टेबलावर आणावा. या तिन्हींसाठी एक रुपयाचे शस्त्र कमी करावे लागत नाही, की के-५ चे काम थांबवावे लागत नाही.

असे लिहिले की काही जण माझे नाव वाचून उत्तर देतात, मजकूर वाचून नाही. त्यांना एवढेच सांगेन की अण्वस्त्र चुकून सुटले तर ते नाव विचारत नाही. विशाखापट्टणमच्या तळावरून निघालेल्या त्या बोटीत जी शंभरएक तरुण मुले महिनोन्‌महिने सूर्य न बघता राहतात, ती आपली आहेत. त्यांच्यावर पाण्याखाली, एकटे असताना, अर्धवट ऐकू आलेल्या आदेशावर जगाचा निर्णय घ्यायची वेळ येऊ नये, याची काळजी किनाऱ्यावरच्या लोकांनी घ्यायची असते.